पंचबाईंची शिट्टी

माझ्या नणंदेने माझ्या नवऱ्याला लाल कार्ड दाखवलेलं मी लग्नाआधीच पाहिलं. स्थळ बघायचं म्हणून वडील मला मुद्दाम फुटबॉलच्या मैदानावर घेऊन गेले होते. मुलगा घरात कसा बसतो ते सगळेच बघतात, तो खेळताना कसा वागतो ते बघू, असं त्यांचं म्हणणं. मुलगा कसा वागला, तर समोरच्याच्या नडगीवर त्याने सरळ लाथ घातली. पंच धावत आल्या. उंच, काटक बाई, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि हात वर केला.

"अगं ताई, मी आहे," मुलगा म्हणाला.

"नंबर नऊ, बाहेर," ताई म्हणाल्या.

वडिलांनी माझ्या कानाशी विचारलं, "ही मुलाची सख्खी बहीण ना?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग या घरात तुझं कुणीतरी ऐकून घेईल." आमचं लग्न त्या लाल कार्डामुळे जमलं, असं मी आजही सगळ्यांना सांगते. आमच्या ह्यांना ते मुळीच आवडत नाही. ते फाऊल नव्हतंच, असं ते अजूनही जेवता जेवता म्हणतात.

ताई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि सुट्टीच्या दिवशी पंच. आमच्या भागात त्यांच्याआधी कुठल्याही बाईने पुरुषांच्या मॅचला शिट्टी वाजवली नव्हती. लोक त्यांना पंचबाई म्हणायचे. आधी हसून म्हणायचे, नंतर जरा जपून. त्यांच्या घरात शिट्टी स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या खिळ्याला, चहाच्या गाळणीशेजारी. दर मॅचनंतर ती गरम पाण्यात उकळून निघायची, आणि त्या भांड्यात दुसरं काही केलेलं चालायचं नाही. बोलणं मोजकं. घरात भांडण लागलं की तळवा उभा धरायच्या, म्हणजे थांबा. मग एकीकडे हात, म्हणजे तू बोल. बसच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं, तर पर्समधून पिवळं कार्ड काढून दाखवायलाही त्यांनी कमी केलं नाही. गंमत म्हणजे माणसं निमूट मागे जायची.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी बदलली नाही. मैदानावर उतरल्या की त्यांना नातं नाही, नाव नाही, फक्त जर्सीवरचा आकडा. माझा मुलगा बारक्या पुढे गल्लीच्या टीममधून खेळायला लागला, तेव्हा तोही त्यांना 'नंबर सात'. बारक्या नावालाच बारक्या. दाराच्या चौकटीला डोकं लागतं त्याचं. लहानपणी किडकिडा होता म्हणून पडलेलं नाव, ते चिकटलं. आत्याचा त्याच्यावर जीव, पण मैदानाबाहेर.

आता आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीत तरुण पोरगा असणं म्हणजे आईच्या जीवाला घोर. पोरं नाक्यावर उभी राहिली की पोलिसांची गाडी थांबणार. कुठून आलास, कुठे चाललास, बॅग उघड, खिसे दाखव. पोरं उलट बोलली तर गाडीत. गप्प राहिली तर, गप्प का, म्हणून गाडीत. बारक्या गॅरेजमध्ये काम शिकायला जायचा. हातांना काळं ग्रीस असायचं, तर एकदा, हे कसलं काळं, म्हणून त्याला चौकीत बसवून ठेवलं. मी घरी शिवणकाम करते. संध्याकाळी मशीनचं पायडल चालू असायचं, पण कान दाराकडे. दार वाजलं की मगच माझा धागा सरळ जायचा.

आणि पोलीस? तेही सुखात होते असं नाही. त्यांच्या गाडीवर गच्चीवरून काय काय पडायचं ते सांगण्यासारखं नाही. एका हवालदाराच्या मुलीला शाळेत कुणी डब्याला बसवून घेत नसे. दोन्हीकडे धुसफूस.

ताई शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांच्या डोक्यात आलं की पोलीस आणि गल्लीतली पोरं यांची मॅच लावायची. ठाण्यातले नवे साहेब त्यांचेच विद्यार्थी निघाले. ताई आत शिरल्या तर साहेब खुर्चीतून उभे राहिले आणि त्यांनी आधी शर्ट नीट खोचला. ठाण्याची टीम तासाभरात तयार झाली. साहेबांनी नुसतं सांगायचा अवकाश.

गल्लीची टीम मात्र तयार होईना. पोरं म्हणाली, त्यांच्याबरोबर खेळायचं? त्यांचा धक्का लागला तर खेळ आणि आमचा लागला तर गुन्हा. त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तेव्हा ताई आमच्या घरी आल्या, बारक्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ. माझ्या मैदानावर तुमच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द आहे."

त्याआधी ताईंनी कधी शब्द दिलेला मला आठवत नाही. द्यायची गरजच पडत नसे. बारक्याने मित्रांना गोळा केलं आणि सांगितलं, "आत्याने शब्द दिलाय." पोरं मॅचला तयार झाली ती बारक्याच्या भरवशावर, आणि बारक्या आत्याच्या.

दोन्ही टीमच्या जर्सींवर आकडे मीच शिवले. पोलिसांच्या लाल, आमच्या पोरांच्या पांढऱ्या. चार नंबरची लाल जर्सी इतकी रुंद होती की मी ह्यांना अंगाला लावून दाखवली, तर ह्यांच्यासारखे दोन मावले असते.

मॅचच्या दिवशी सगळी गल्ली मैदानावर होती. पोलिसांच्या घरची माणसं समोरच्या बाजूला. दोन्ही टीमनी हात मिळवले. हात कसले, बोटं लावली आणि काढून घेतली. चार नंबर म्हणजे एक मिशीवाला हवालदार होता, तो बारक्यासमोरच उभा. बारक्या त्याच्याकडे न बघता बुटाची नाडी बघत होता. ताई मधोमध गेल्या. चेंडू ठेवला. दोन्हीकडे बघितलं. शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

आमची टीम पळाली.

म्हणजे चेंडूकडे नाही. पांढऱ्या जर्सीतली सगळीच्या सगळी पोरं गर्रकन वळली आणि मैदानामागच्या भिंतीकडे सुटली. आणि ती पळाली म्हटल्यावर सगळी लाल टीम त्यांच्यामागे धावली. चेंडू मधल्या ठिपक्यावर तसाच. ताई तिथेच उभ्या, शिट्टी ओठांत. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. क्षणभर लोकांना वाटलं ही काहीतरी गंमत आहे, आणि दोघेचौघे हसलेही.

बारक्या भिंतीवर चढत होता. चार नंबरने त्याला कमरेला धरून खाली ओढलं, पालथं पाडलं, पाठीवर गुडघा दिला आणि हात मागे पिरगळला. मी धावत तिथपर्यंत पोचले तेव्हा तो हवालदार धापा टाकत, स्वतःच्या लाल जर्सीत, अर्ध्या चड्डीत, माझ्या मुलाला विचारत होता, "कुठे पळतोस? काय केलंस? बोल, काय केलंस?"

बारक्याचा गाल मातीत होता. तो म्हणाला, "मॅच खेळायला आलो होतो."

हवालदाराने हात सोडला. स्वतःच्या तळव्यांकडे असं बघितलं, जसे ते त्याचे नव्हतेच. बारक्याचं मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. मागे ताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. शिट्टी अजून त्यांच्या दातांत होती आणि श्वासाबरोबर तिचा बारीक आवाज येत होता.

कारण एवढंसं होतं की सांगताना आजही अंगावर काटा येतो. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी दिसली की जो कुणी तिथे असेल तो शिट्टी मारतो. शिट्टी ऐकली की तरुण पोरं हातातलं टाकून मागच्या भिंतीवरून पलीकडे. काही केलेलं नसतं, पण जो मागे राहील तो चौकशीला जातो. हे आमच्याकडे इतकं रोजचं होतं, की मैदानावरची शिट्टी हीसुद्धा शिट्टीच, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पोरांच्याही नाही. पूर्वी आपसात खेळताना हीच शिट्टी त्यांना खेळाची वाटायची. त्या दिवशी समोर पोलीस होते आणि पाय आधी निघाले. साहेबांनी नंतर आपल्या लोकांना ओळीत उभं करून विचारलं म्हणे, की का धावलात? ती पळाली म्हणून, एवढंच एक जण म्हणाला.

बारक्याच्या हाताला प्लास्टर पडलं. ताई दवाखान्यात आल्या तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू शब्द दिला होतास." त्यानंतर तो आत्याशी बोलायचा बंद झाला. मित्र त्याच्याशी बोलत नव्हते आणि तो आत्याशी. ताई रोज संध्याकाळी यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या. हा पाठ फिरवायचा. त्या त्याच्या पाठीशी बोलायच्या. एकच गोष्ट परत परत.

"पुन्हा कधी पळू नकोस रे. मागून पावलं आली की थांब. हात वर, दिसतील असे. कळतंय ना? थांबायचं."

डॉक्टरही तेच म्हणाले. ह्यांनीही तेच सांगितलं. मलाही ते पटत होतं. हाताचं हाड जोडत होतं आणि आम्ही सगळे मिळून त्याच्या डोक्यात एक शब्द बसवत होतो. ताईंनी शिट्टी खिळ्यावरून काढून कुठे ठेवली मला माहीत नाही. तिच्या जागी चमचा टांगलेला दिसला, तेव्हा मला गलबलून आलं.

मग एके दिवशी दुपारी मिशीवाला हवालदार आमच्या घरी आला. गणवेश नव्हता, साधा शर्ट, पण चाल लपते का? नाक्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. धपाधप पावलं वाजली, दारं लागली, आणि बघता बघता गल्ली ओस पडली. हा एकटा आमच्या दारात उभा, आणि दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरलेली.

"बसा की," मी म्हटलं. खरं तर त्याच्या अंगावर कात्री फेकावी असं वाटत होतं.

"जरा थांबा, वहिनी," तो म्हणाला. कपाळावर घाम आला होता. "शिट्टी ऐकली ना. पोरं पळाली. चौकट सोडली तर मीही पळेन त्यांच्यामागे."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. एवढा धिप्पाड माणूस, आणि स्वतःच्या पायांना भीत होता.

बारक्या आतून आला. हवालदार त्याच्या प्लास्टरकडे बघत म्हणाला, "तू काही केलं नव्हतंस, ते मला ठाऊक होतं. मी तुझ्याशी नुकताच हात मिळवला होता. तरी विचारलं, काय केलंस. रात्री झोपताना तेच ऐकू येतं."

"मग धरलंत का?"

"तू पळालास."

"मी का पळालो?"

"शिट्टी वाजली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बारक्याने त्याला पाणी आणून दिलं, डाव्या हाताने, अर्धं सांडत. हवालदार गेल्यावर तो मला म्हणाला, "तुझ्या नणंदेला सांग, मॅच पुन्हा लावायची. शिट्टी घरी ठेवायची."

"तूच सांग ना."

"तू सांग."

मित्रांना मनवायला त्याला फार कष्ट पडले. काय काय ऐकून घेतलं असेल ते त्यालाच ठाऊक. पण हाड जुळल्यावर मॅच लागली. मी लाल जर्सीची उसवलेली बाही शिवून दिली. ताई मधोमध गेल्या, चेंडू ठेवला, आणि टाळी वाजवली. कुणी पळालं नाही.

खेळ मात्र भलताच सभ्य. चेंडू जवळ आला की लाल माणूस बाजूला व्हायचा आणि पांढरा पोरगा म्हणायचा, तुम्ही घ्या. लग्नाच्या पंगतीत आग्रह करावा तसा चेंडू एकमेकांना देत होते. आमचे हे म्हणाले, "ताईने माझ्यावर एवढी दया दाखवली असती तर!" हळूहळू मात्र पायांत जोर आला. कुणीतरी धडकलं, कुणीतरी ओरडलं, आणि समोरच्या बाजूने पोलिसांच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

तेवढ्यात बारक्याला चेंडू मिळाला आणि तो कडेने सुटला. समोर कुणी नव्हतं. मागे चार नंबर. धप धप धप, त्या जड पावलांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. मी उठून उभी राहिले.

बारक्या थांबला.

भर धावेत, चेंडू पायात असताना, तो जागच्या जागी थांबला. हात वर केले, आणि बोटं डोक्यामागे गुंफली. चेंडू गडगडत कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत गेला. त्याला बघून चार नंबरही कचकन थांबला, आणि मी हात लावलेला नाही हे दाखवायला त्यानेही दोन्ही हात वर केले. भर मैदानात एकामागे एक दोघं हात वर करून उभे. हे आम्ही त्याला शिकवलं होतं, आणि तो ते बिनचूक करत होता.

ताई चालत त्याच्यापाशी गेल्या. तळवा उभा धरला. सगळा खेळ थांबला.

"नंबर सात," त्या म्हणाल्या, "काय झालं?"

कित्येक दिवसांनी बारक्या त्यांच्याशी बोलला. "मागून पावलं आली, आत्या. तूच म्हणालीस ना, थांब."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. कुठल्याही मॅचमध्ये, कितीही गोंधळात, त्यांचा हात कधी अडला नव्हता. फाऊल, गोल, बाहेर, काहीतरी दाखवायच्याच. त्या दिवशी हात अर्धा वर येऊन तसाच राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला इतक्या लांबून दिसलं.

मग त्यांनी स्वतः जाऊन चेंडू आणला. कुणाचीही चूक नसताना खेळ थांबला, तर पंच चेंडू हातातून खाली सोडतो आणि बाकीच्यांनी लांब उभं राहायचं, असा नियम आहे. "मागे," ताई लाल टीमला म्हणाल्या. "अजून मागे." पोलीस मागे मागे सरकले. चार नंबरचे हात अजून वरच होते.

"पंचबाई," तो म्हणाला, "मी ह्याच्यामागे पळू का?"

ताईंनी बारक्याकडे बघितलं. बारक्याने डोक्यामागचे हात सोडले, मनगट चोळलं, आणि मागे वळून त्या माणसाला नीट बघून घेतलं.

"पळा," तो म्हणाला. "पण माझ्याकडे बघू नका. चेंडूकडे बघा."

हवालदाराने मान हलवली आणि हात खाली घेतले. ताईंनी चेंडू बारक्याच्या पायाशी सोडला. तो एकदा उसळला, दोनदा उसळला, पण बारक्या हलेना.

"पळ," ताई म्हणाल्या. मग जवळ जाऊन, अगदी हळू, "पळ, बाळा."

बारक्या पळाला. मागून धप धप पावलं निघाली. माझे डोळे मिटू पाहत होते, मी ते उघडे ठेवले. गोलपाशी पोचता पोचता चार नंबरने घसरत पाय टाकला, चेंडू उडाला, बारक्या गवतावर पालथा पडला, आणि सगळं मैदान उभं राहिलं. हवालदार उठला, दोन पावलं लांब झाला आणि वाट बघत उभा राहिला.

बारक्याने मान वर केली. चेहरा रागाने लालभडक.

"आत्या! फाऊल होता हा!"

ताईंनी दोन्ही हात पुढे पसरले. खेळ चालू.

"अगं, सरळसरळ पाडलं मला!"

"नंबर सात, उठा," ताई म्हणाल्या आणि चेंडूमागे धावत निघून गेल्या. हवालदाराने हात पुढे केला. बारक्याने तो धरला, उठला, आणि उठता उठता त्यालाच विचारलं, "तुम्हीच सांगा, होता की नव्हता?"

घरी येईपर्यंत तो आत्याशी भांडत होता. फाऊल होता, तुझी नजर गेली आहे, चष्मा घे. आमचे हे मनापासून त्याच्या बाजूने.

"आणि मघाशी मला बाळा म्हणालीस ते?" बारक्या म्हणाला. "मैदानावर तुला नातं नसतं ना?"

"तेव्हा खेळ थांबला होता," ताई म्हणाल्या.